आधी आलाँसाँ, मग लिझ्यू

फ्रान्समधल्या लिझ्यूला जाणारे बहुतेक भाविक पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवरून थेट गाडी पकडतात, बॅसिलिका हे तिथलं मोठं चर्च बघतात, कार्मेल मठात राहिलेल्या बाळ येशूच्या संत तेरेजापाशी गुडघे टेकतात आणि संध्याकाळी परत फिरतात. आम्ही आधी ल माँमार्गे आलाँसाँ, म्हणजे तेरेजाचं जन्मगाव, गाठलं. तेरेजापेक्षा मला तिच्या आईवडिलांचं कुतूहल जास्त. आपल्या संतांच्या यादीत धर्मगुरू, मठवासी, हुतात्मे भरपूर. मुलांची आजारपणं काढत, धंद्याचा हिशेब ठेवत संतपदापर्यंत पोचलेली माणसं मात्र शोधावी लागतात. तेरेजाचे हे आईवडील, लुई आणि झेली मार्टिन, यांना पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संत घोषित केलं, तेव्हा रोममध्ये कुटुंब याच विषयावर बिशपांची सिनड, म्हणजे परिषद, भरली होती. हुतात्मे नसलेल्या नवरा-बायकोला जोडीनं संतपद मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आलाँसाँ शांत गाव आहे. सार्त नदीवरच्या ज्या पुलावर दोघांची पहिली नजरानजर झाली, तो पूल बघायला म्हणून गेलात तर बघण्यासारखं फार काही नाही. गंमत अशी की दोघांनाही लग्न करायचंच नव्हतं. लुईला आल्प्समधल्या सेंट बर्नार्ड मठात जायचं होतं, पण लॅटिन येत नाही म्हणून परत पाठवलं. झेलीलाही धर्मभगिनींनी नकार दिला. १८५८च्या एप्रिलमध्ये भेट, आणि जुलैत नोत्र-दाम चर्चमध्ये मध्यरात्री विवाह संस्कार. त्या लॅटिनचे आपण आभारच मानायला हवेत.

सँ-ब्लेझ रस्त्यावरचं त्यांचं घर विटांचं, आटोपशीर आहे. शेजारी चॅपल बांधलंय आणि तिथूनच तेरेजा जन्मली ती खोली दिसते. लोक तिकडेच गर्दी करतात. मी मात्र झेली तिच्या कामकरी बायकांना भेटायची त्या खालच्या खोलीत रेंगाळले. आलाँसाँची लेस जगात नावाजलेली. सुईनं विणलेल्या या लेसच्या एका चौरस सेंटिमीटरला सात तास लागतात, आणि २०१०मध्ये युनेस्कोनं ही कला आपल्या वारशाच्या यादीत घेतली. वेगवेगळ्या बायका घरी बसून एकेक टप्पा करत, आणि ते तुकडे सांधा दिसू न देता जोडायचं सगळ्यात अवघड काम झेली स्वतः करी. धंदा तिचा, नाव तिचं, ऑर्डरींची डोकेदुखीही तिचीच. लुई घड्याळजी होता. १८७०मध्ये त्यानं आपलं दुकान भाच्याला विकलं आणि बायकोच्या धंद्यात हात घातला. एकोणिसाव्या शतकातला नवरा हा! आजही असा निर्णय घेतलेला पुरुष सांगा म्हटलं तर मला आठवावं लागेल. हाच लुई रविवारी दुकान उघडत नसे, गिऱ्हाईक गेलं तरी.

झेलीची दोनशेहून जास्त पत्रं शिल्लक आहेत. बरीचशी भावाला, वहिनीला आणि शिकायला ल माँला असलेल्या मुलींना लिहिलेली. त्यांत भक्ती आहे, पण त्याहून जास्त दमणूक आहे. नऊ मुलं झाली. १८६७ ते १८७० या काळात त्यांतली चार गेली. पुढे स्तनाच्या कर्करोगानं २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेलीही गेली, तेव्हा धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची होती. धार्मिक पुस्तिकांमधून हे कुटुंब इतकं गोड करून मांडतात की त्यांना कधी खोकला तरी झाला असेल का, अशी शंका यावी. पत्रं वाचली की तो गोडवा उतरतो आणि माणसं दिसतात.

उरलेल्या पाचही मुली मठात गेल्या. हे ऐकून आमची लेक म्हणाली, "मम्मी, एकीलाही लग्न करायचं नव्हतं? की घरात दुसरं काही चालायचंच नाही?" नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि प्रश्न मला रास्त वाटला. पाच मुली पाच जपमाळा घेऊन मठात गेल्या म्हणून आईबाप संत, असं प्रवचनात कोणी सांगितलं की मी अस्वस्थ होते. मग ज्यांची मुलं चर्चची पायरी चढत नाहीत, त्या आईबापांनी काय समजायचं?

लिझ्यूची बॅसिलिका भव्य आहे. १९२९मध्ये काम सुरू झालं, १९५४मध्ये पवित्रीकरण. मोझेइकनं भिंती लखलखतात. तळघरातल्या क्रिप्टमध्ये लुई आणि झेलीचे अवशेष आहेत. तिथं प्रार्थना केली, पण मन लागलं ते ले ब्युइसोनेत. झेलीच्या मागे लुई मुलींना घेऊन याच घरात आला, कारण मामा-मामी लिझ्यूत होते. बागेत एक पुतळा आहे. मठात जायची परवानगी मागणारी तेरेजा आणि बसलेला बाप. ९ एप्रिल १८८८ला, पंधराव्या वर्षी, ती गेली. पुढच्याच वर्षी लुईला जवळच्या काँ शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. तो तिथं तीन वर्षं होता, आणि मुलींनी सोडल्यामुळे बापाचं असं झालं, असं लोक बोललेच. लोक बोलतात. मनोरुग्णालयात राहिलेला माणूस आज संत म्हणून वेदीवर आहे, ही गोष्ट व्यासपीठावरून जितकी सांगायला हवी तितकी सांगत नाहीत. ज्या घरांत असं कोणी आहे, त्या घरांना तिची गरज आहे.

परतताना काँला उतरलो ते लिओनीसाठी. ही तिसरी मुलगी. हट्टी, अभ्यासात मागे. तिचं काय होणार, ही झेलीची शेवटपर्यंतची काळजी. मठातून तीनदा परत आली, १८९९मध्ये चौथ्यांदा काँच्या व्हिजिटेशन मठात गेली आणि १९४१पर्यंत, मरेपर्यंत तिथंच राहिली. तिची समाधीही तिथंच आहे. आमची लेक तिथं बॅसिलिकेपेक्षा जास्त वेळ बसली. आपल्या मुलांसाठी प्रार्थना मागणारी पुष्कळ पत्रं तिथं येतात म्हणे, आणि ती का येत असतील हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वेळ कमी असेल तर बॅसिलिका आटोपती घ्या, पण आलाँसाँ आणि काँ सोडू नका.