पाण्याचा वार

शुक्रवार, रात्र

पुढच्या आठवड्यात गटाचा आराखडा सरांपुढे ठेवायचाय आणि पहिल्या पानावर काय घ्यायचं यावरून आज संध्याकाळपर्यंत वाद चालला. विषय तोच, सोलापूरला पुन्हा उभारी कशी द्यायची. तिघांचं म्हणणं, आयटी पार्क घ्या. पोरं पुण्याला, हैदराबादला चाललीत, ती थांबतील. त्यात खोटं काही नाही, माझ्या वर्गातही सगळी बोलणी पुण्याचीच असतात. तरी मी पाण्याचं वेळापत्रक धरून बसले.

इथली कापडाची ‘जुनी गिरणी’ १८७७ ची, १९६० च्या दशकात बंद पडली. लक्ष्मी-विष्णू गिरणी १९९० च्या दशकात गेली. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण काम घराघरांत चालूच राहिलं. पूर्व भागात आजही गल्लीगल्लीत यंत्रमागांचा खडखडाट असतो आणि बायका उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर. जितका वेळ बसाल तितकाच पगार.

आणि पाणी येतं उजनी धरणातून, शंभरेक किलोमीटरवरून. नळाला चार-पाच दिवसांआड, तेही कधी पहाटे, कधी मध्यरात्री. दत्तनगरच्या अक्का सांगत होत्या, "पाण्याच्या दिवशी निम्म्या बी विड्या होत नाहीत बघ. भिजवलेली पानं वाळून जातात, वाळलं की पान फुटतं. रात्रभर जागलं की हात चालत नाही, अन् कारखान्यात छाट जास्त निघते." छाट म्हणजे नापास झालेल्या विड्या. त्यांची मजुरी मिळत नाही.

गटातला एकजण म्हणाला, हे नागरी सुविधेत टाकू, अर्थकारणात नको. इथेच माझा आवाज चढला. विडी कायम चालणार नाही, हे अक्कांनाही माहीत आहे, त्यांना लेकीच्या हातात सूप द्यायचंच नाहीये. आपल्याकडे गणवेश शिवायचा धंदा मोठा आहे, तिथे शिलाई करणाऱ्या बायका लागतात. पण शिलाईच्या युनिटात दहाला हजर राहायचं, तर घरी पाणी कोण भरणार? वेळ माहीत नसेल तर बाई घर सोडू शकत नाही. मग प्रशिक्षणाच्या कितीही योजना काढा, वर्ग रिकामेच राहणार.

मागणी साधी आहे. प्रत्येक पेठेला ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि चावीवाला पाणी सोडायच्या आधी मोबाइलवर निरोप. त्याला नवी जलवाहिनी लागत नाही. कुंभारीचा ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प असंघटित कामगारांनी मागणी लावून धरली म्हणून झाला. या बायकांना नेमकं काय हवं ते सांगता येतं, फक्त त्यांना कुणी विचारायला हवं.

चादरीचं कलम दुसऱ्या पानावर राहिलं. भौगोलिक मानांकन असूनही पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो, त्यावर गटात सगळ्यांचं एकमत आहे.

शेवटी पहिलं पान पाण्याला मिळालं, पण आकडे दाखवायच्या अटीवर. म्हणून अक्कांच्या गल्लीतल्या बायकांना विड्यांच्या हिशेबाच्या वहीतच पाण्याची वेळ लिहायला सांगितलंय. आठवडाभराच्या नोंदी हाताशी आल्या की पाण्याच्या दिवसाची मजुरी वेगळी काढता येईल. टोकाच्या गल्ल्यांचं मात्र अजून सुटलेलं नाही. तिथे वेळ पाळली तरी दाब नसतो, आणि पुढचे लोक मोटार लावतात. त्यासाठी चावीवाल्यालाच गाठावं लागेल.