कोचला नारळ द्यायचाच असेल, तर आधी त्याला सांगा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे चाहते एनसीएए या कॉलेज क्रीडा संस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडलेल्या ६८ संघांच्या यादीकडे डोळे लावून बसतात. मी त्याच सुमाराला आणखी एक यादी चाळत असते. डिव्हिजन वन या सगळ्यात वरच्या श्रेणीत पुरुषांचे ३५०हून जास्त संघ आहेत. ज्यांचा हंगाम कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपापल्या गटाच्या स्पर्धेतच आटोपला, त्यांच्यातल्या काही कोचना त्याच आठवड्यात नारळ मिळतो. सतत हरणाऱ्या कोचला काढायचा विद्यापीठाला हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी बघते ते कसं काढलं ते.

याला कारण आहे. पदव्युत्तर शिक्षण घेताना मी एका मोठ्या अमेरिकन विद्यापीठात खेळाडूंना संख्याशास्त्र शिकवायचे. बास्केटबॉल संघातली पहिल्या वर्षाची मुलं संध्याकाळी सक्तीच्या अभ्यासिकेला यायची. अशाच एका संध्याकाळी संभाव्यतेचं गणित अर्ध्यात असताना टेबलावरचे सगळे फोन एकदम वाजले. कोचला काढल्याची बातमी एका क्रीडा पत्रकाराने टाकली होती. मुलांना विद्यापीठातल्या कोणीही काही सांगितलं नव्हतं. नंतर कळलं, स्वतः कोचलाही ते त्याच बातमीतून कळलं. समोरच्या मुलाने मला विचारलं, "माझी स्कॉलरशिप राहील ना?" स्कॉलरशिप विद्यापीठ देतं, कोच नाही, एवढं मी सांगू शकले. नव्या कोचला तू हवा असशील का, याचं उत्तर तिथे कोणाकडेच नव्हतं.

त्या घटनेत मला सगळ्यात जास्त राग आला तो एका वेगळ्याच माणसासाठी. संघाचे व्हिडिओ कापून तयार करणारा एक तरुण होता. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत प्रतिस्पर्ध्यांचे सामने बघत बसायचा, पगार बेताचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं कार्ड दाराला लागेना. त्याची बायको गरोदर होती आणि आरोग्य विमा किती दिवस चालू राहील, हे त्याला धड कोणी सांगत नव्हतं. हेड कोचला कराराप्रमाणे पुढची काही वर्षं पैसे मिळणार होते. याला काय मिळणार होतं?

म्हणूनच "कोट्यवधी कमावणाऱ्या कोचची कसली दया?" असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही. पैसा अवाढव्य आहे हे खरं. अनेक राज्यांत सरकारी पगारावरचा सगळ्यात महागडा माणूस फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा कोच असतो. पण तो आकडा विद्यापीठानेच देऊ केला, विद्यापीठाच्याच वकिलांनी करार लिहिला, त्यावर सही केली. मग हरायला लागल्यावर तो करार ओझं कसा होतो?

कनेक्टिकट विद्यापीठाचं प्रकरण मी यासाठी अनेकांना सांगते. केव्हिन ऑली तिथलाच जुना खेळाडू. आधीचे कोच जिम कॅलहून निवृत्त झाल्यावर २०१२मध्ये संघ त्याच्याकडे आला, आणि २०१४मध्ये सातव्या मानांकनावरून चढत जाऊन अंतिम सामन्यात केंटकीला ६०–५४ असं हरवत त्याने विजेतेपद आणलं. मग उतरण लागली. शेवटचे दोन हंगाम १६–१७ (१६ विजय, १७ पराभव) आणि १४–१८ असे गेले. मार्च २०१८मध्ये त्याला काढलं, तेव्हा करारातले १ कोटी डॉलरहून जास्त द्यायचे बाकी होते. विद्यापीठाने भूमिका घेतली की एनसीएएचे नियम मोडल्याच्या सबळ कारणावरून काढत आहोत, त्यामुळे पैसे देणार नाही.

नियमभंगाचे आरोप हवेतले नव्हते. एनसीएएने पुढे त्याच्यावर ३ वर्षांचे निर्बंध घातले. पण ते जुलै २०१९मध्ये, म्हणजे काढल्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर. ऑली प्राध्यापक संघटनेच्या सामूहिक कराराखाली येत होता, आणि तिथे सबळ कारण सिद्ध करायची पातळी बरीच वरची होती. जानेवारी २०२२मध्ये लवादाने निकाल दिला: विद्यापीठाने त्याला १ कोटी ११ लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यावी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उरलेले दावे मिटवायला आणखी ३९ लाख डॉलर ठरले. मला राहून राहून वाटतं, त्याच ऑलीने त्या वर्षी २५ सामने जिंकले असते, तर तेच आरोप नोकरी घालवण्याइतके गंभीर ठरले असते का? मला तरी तसं वाटत नाही. आणि विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणारा आपलाच माणूस चार वर्षांहून जास्त काळ आपल्याच विद्यापीठाशी भांडत राहिला, हे मला पैशांपेक्षाही वाईट वाटतं.

उलट इंडियाना विद्यापीठाने मार्च २०२१मध्ये कोच आर्ची मिलरला काढलं तेव्हा १ कोटी डॉलरहून जास्त द्यावे लागले. ते खासगी देणगीदारांनी भरले. चार हंगामांत एकदाही एनसीएए स्पर्धा गाठता आली नव्हती (२०२०ची तर रद्दच झाली), आणि कारण म्हणून तेवढंच पुरे होतं. देणगीदारांच्या हातात एवढं सामर्थ्य जावं का, ही माझी वेगळी चिंता आहे. पण निदान हरण्याला हरणंच म्हटलं गेलं.

याच इंडियानाने त्याआधी कोच बॉब नाइटच्या बाबतीत मात्र उशीर केला. १९७६, १९८१ आणि १९८७ची विजेतेपदं, त्यात १९७६चा संघ एकही सामना न हरलेला. १९९७च्या सरावात त्याने एका खेळाडूच्या गळ्याला हात घातल्याचं चित्रण २०००मध्ये लोकांसमोर आलं. तरी मे महिन्यात विद्यापीठाचे अध्यक्ष माइल्स ब्रँड यांनी यापुढे काहीही खपवून घेणार नाही, अशी तंबी देऊन त्याला ठेवलं. सप्टेंबरमध्ये एका विद्यार्थ्याशी वाजलं, तेव्हा काढलं. चिडलेल्या विद्यार्थ्यांनी ब्रँड यांच्या घरावर मोर्चा नेला. माझ्या मते मे महिन्यातच निर्णय व्हायला हवा होता. वागणुकीचा प्रश्न असेल तेव्हा खेळाडू आधी, कोचची पुण्याई नंतर. नाइट पुन्हा इंडियानाच्या असेंब्ली हॉल या मैदानावर सन्मानासाठी आला तो थेट फेब्रुवारी २०२०मध्ये, म्हातारपणी.

जॉर्जटाउन विद्यापीठाने कोच पॅट्रिक युइंगला ९ मार्च २०२३ला काढलं. हा तर तिथला दैवतच. १९८४चं विजेतेपद त्याच्याच खेळावर आलेलं. कोच म्हणून २०२१मध्ये बिग ईस्ट या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली, पण नंतरचे हंगाम ६–२५ आणि ७–२५. आदल्या दिवशी व्हिलानोव्हाने ८०–४८ असं धुतलं होतं. काढणं अटळ होतं. तरीही अध्यक्षांनी जाहीरपणे आभार मानले, युइंगनेही संघाला शुभेच्छा दिल्या, आणि दोघांमधलं नातं कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलं नाही. एवढं जमतं, म्हणजे जमू शकतं.

मला विद्यापीठांकडून हवंय ते फार अवघड नाही. ॲथलेटिक डायरेक्टरने, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाने, कोचला समोर बसवून सांगावं. त्यानंतर लगेच, बातमी बाहेर जाण्याआधी, खेळाडूंना एका खोलीत बोलावून सांगावं, आणि कोचला त्यांचा निरोप घेऊ द्यावा. कोच बदलला की ट्रान्स्फर पोर्टलचे (दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी नाव नोंदवायच्या यादीचे) नियम काय, मुदत कधी संपते, स्कॉलरशिपचं काय होतं, हे लेखी द्यावं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हे इंटरनेटवर शोधायला लागू नये. खेळामुळे काढलं असेल तर तसं म्हणावं आणि करारातले पैसे द्यावेत. नियमभंगामुळे काढायचं असेल तर चौकशी आधी पूर्ण करावी, हंगाम कसाही गेलेला असो.

आणि हेड कोचच्या करारात लाखो डॉलरची कलमं घालताना त्याच बैठकीत आणखी एक ओळ घालावी: व्हिडिओ बघणारे, प्रवासाची व्यवस्था करणारे, कनिष्ठ सहायक, या सगळ्यांचा पगार आणि कुटुंबाचा आरोग्य विमा, कोच गेल्यावरही किमान सहा महिने चालू राहील. कोचला घालवायला कोटीभर डॉलर गोळा करून देणारे देणगीदार ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी खर्चाचं कारण पुढे करू नये.