खवले झडलेले लष्करी पतंग ओळखताना: माझा अनुभव

कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, नर ताजा मिळाला तर काम अर्ध्या मिनिटाचं. पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा डाग असला की अमेरिकन लष्करी अळीचा, म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डाचा नर. शिरांवरून फिकट रेषांची जाळी गेलेली असली की स्पोडोप्टेरा लिटुरा, म्हणजे तंबाखूवरची पानं खाणारी अळी, तिचा नर. मागचे पंख दोघांचेही पांढरट, त्यावर वेळ घालवू नये. पण इथे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात भर पावसात सापळा आठवडाभर उघडलाच नाही तर आत फडफडून खवले झडलेले, बुरशी धरलेले पतंग हाती येतात. लूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, एका जातीचा असला तरी दुसऱ्या जातींचे नरही त्यात शिरतात, त्यामुळे ‘सापळ्यात पडला म्हणजे तोच’ असं धरून आकडे लिहिणं मला मुळीच मान्य नाही. अशा वेळी पोटाच्या टोकातली जननेंद्रियं पाहायलाच हवीत, त्यांचा आकार जातीजातीत वेगळा असतो.

वाळलेलं पोट चिमट्याने खालून वर दाबलं की मुळाशी सुटतं. माझं सगळं अडलं ते पुढे, कॉस्टिक पोटॅशवर (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खताचं पोटॅश नव्हे). १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅश, त्यात पोट रात्रभर ठेवायचं, सकाळी आतलं मांस आणि चरबी विरघळलेली असते. माझी पोटं मात्र सकाळीही तपकिरी आणि चिवटच. त्याच अवस्थेत ओढलं की झडप, म्हणजे मादीला धरायचा नराचा अवयव, मधोमध फाटते, आणि तो नमुना गेला. दोष पोटॅशच्या बाटलीत होता. आपल्या पावसाळी हवेत हे दाणे बघता बघता ओल ओढतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतात. वजन १० ग्रॅम भरतं, पण त्यात कामाचं पोटॅश कमी. एकमेकांना चिकटून गोळा झालेले दाणे वापरूच नयेत. बाटली लहान घ्यावी, झाकण घट्ट लावून सिलिका जेलच्या डब्यात ठेवावी, वजन झटपट करावं. द्रावण दुप्पट कडक करायचा मोह होतो, तोही वाईट: पोट काचेसारखं पारदर्शक होतं आणि आतला पातळ पडदा ब्रश लागताच फाटतो.

घाई असेल तर परीक्षानळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात १० ते १५ मिनिटं उभी करावी, दर ५ मिनिटांनी पाहावं. नळी थेट ज्योतीवर धरली की द्रावण उसळून पोटासकट बाहेर उडतं. चष्मा आणि हातमोजे हवेतच. अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरून निदान १५ मिनिटं धुवावं.

हे आधी सांगायला हवं होतं: पोट तोडण्यापूर्वीच पतंगाला आणि नळीला एकच क्रमांक द्यावा. दोन पोटं एका नळीत घातली की कोणतं कुणाचं ते पुन्हा कळत नाही.

नंतर पाण्यात धुऊन, मऊ ब्रशने खवले काढून, ग्लिसरीनच्या थेंबात ४० पट मोठं करून पाहिलं. फ्रुजिपर्डाची झडप जवळजवळ चौकोनी, कडेला एक खाच. ती खाच दिसली तेव्हा तीन दिवसांचा वैताग गेला. पाहून झालं की अवयव ग्लिसरीनच्या इवल्या नळीत घालून त्याच पतंगाच्या टाचणीला खोचावा, म्हणजे शंका आल्यावर पुन्हा बघता येतो.