चिटणीसबाई

रविवार, रात्र

मंडळाचा अहवाल अर्धवट टाकून संध्याकाळभर रिबेका ग्रॅट्झबद्दल वाचत बसले. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या ज्यू व्यापाऱ्याची लेक, जन्म १७८१. लग्न केलं नाही. वारलेल्या बहिणीची मुलं मात्र सांभाळली. १८०१ साली आई, बहिणी आणि गावातल्या इतर ज्यू-ख्रिस्ती बायकांबरोबर तिने हलाखीतल्या बायकामुलांसाठी संस्था काढली. विशीतली पोरगी, आणि चिटणीस! १८१९ मध्ये ज्यू बायकांची ‘फीमेल हिब्रू बेनेव्होलंट सोसायटी’ निघाली. तिथेही जवळजवळ चाळीस वर्षं चिटणीसपदच.

हे मला फार आवडलं. अध्यक्षबाई समई लावतात. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, ते चिटणिसाच्या वहीत असतं. सोसायटी गरजूंना अन्न द्यायची, डोक्यावर छप्पर द्यायची, थंडीसाठी जळण पुरवायची. एका गाजलेल्या कादंबरीची नायिका म्हणे हिच्यावरून बेतलेली. पुरावा काही नाही, पण लोकांच्या लक्षात नेमकं तेच राहतं!

फक्त आपल्याच लोकांना मदत? आधी मला हे खटकलं. पण तिथे गरिबाला मदत करणाऱ्या मिशनरी बायका भाकरीबरोबर धर्मही पुढे करायच्या. पोट भरायचं तर श्रद्धा सोडा, हा सौदा तिला मोडायचा होता. आणि सर्वांसाठी असलेल्या अनाथाश्रमाचं चिटणीसपदही तिने याच काळात वर्षानुवर्षं सांभाळलं, हे कसं विसरायचं?

१८३८ मध्ये, सत्तावन्नाव्या वाढदिवशी, तिने हिब्रू संडे स्कूल, म्हणजे ज्यू मुलांना धर्म शिकवणारी रविवारची शाळा, उघडली. मोफत, मुलामुलींना एकत्र, शिकवणाऱ्या सगळ्या बायका. पुस्तकं कुठून आणणार? ख्रिस्ती संडे स्कूलचीच घेतली आणि नको त्या मजकुरावर कागदाचे तुकडे चिकटवले. एका विद्यार्थिनीने पुढे लिहून ठेवलंय, की त्या चिकटवलेल्या कागदाखालचं वाचायला पोरं खूप धडपडायची, पण जमायचं नाही. अगदी आमच्या वर्गातली कार्टी!

पोरक्या ज्यू मुलांसाठी वेगळं घर हवं, म्हणून ती मागे लागलीच होती. ते १८५५ मध्ये उभं राहिलं. तेव्हा बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या.