‘हे माझं नाही हं!’

नागपुरात पन्नाशी उलटलेला माणूस खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी दोघांपासूनच लपवतो. एक वडील आणि दुसरे शाळेतले सर. बायकोपुढे तो केव्हाच उघडा पडलेला असतो.

परवा लक्ष्मीभुवन चौकात तर्री-पोहे खात उभे होतो. सोबतचा मित्र बांधकामाचा ठेकेदार, आवाज असा की साइटवर मिक्सर चालू असला तरी ऐकू येतो. समोरून आमचे संस्कृतचे सर येताना दिसले आणि ह्याची मूठ झटकन पाठीमागे गेली. “अबे, सर येऊन राहिले!” सर ऐंशीच्या घरात. त्यांना धड आम्ही दिसलो नसतो, पन्नी कुठली दिसायला!

बरं, ह्या सरांनी कधी छडी हातात धरली नाही. ५ सप्टेंबरला, म्हणजे १९६२ पासून दरवर्षी, आपण शिक्षकांना शाल-श्रीफळ देऊन ‘आदर्श’ ठरवतो. मला वाटतं, तो निवाडा पोरांनी कधीचाच केलेला असतो, आणि तोही भलत्याच गोष्टीवरून. सरांनी घोकून घेतलेलं ‘रामः रामौ रामाः’ आज दुसऱ्या विभक्तीच्या पुढे सरकत नाही. रामटेकची सहल मात्र जशीच्या तशी आठवते.

गडमंदिराच्या पायऱ्या चढून सगळे धापा टाकत बसलो होतो. सरांनी समोरचा मुलूख दाखवत सांगितलं, की खाली ते नगरधन, वाकाटक राजांचं नंदिवर्धन. राणी प्रभावतीगुप्तेच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरीचं नाव येतं. ‘मेघदूता’तला यक्ष शाप भोगत राहिला तो रामगिरी म्हणजे हाच डोंगर. आम्ही भारावून बघतोय, तोच सर म्हणाले, “हे माझं नाही हं! मिराशींचं मत आहे.” वासुदेव विष्णु मिराशी म्हणजे आपल्या नागपुरातच संस्कृत शिकवलेले, ताम्रपट-शिलालेखांचे मोठे जाणकार. सर त्यांचं नाव असं घ्यायचे की जणू ते मागच्या पायरीवर बसून ऐकताहेत.

“मग पक्कं ना सर?” कुणीतरी विचारलं.

“पक्कं कसं म्हणू? सरगुज्याकडचा रामगड म्हणजेच रामगिरी, असं म्हणणारेही आहेत.”

केवढा हिरमोड झाला! आपल्या रामटेकचा मान, आणि सर स्वतःच तो अर्धा छत्तीसगडला देऊन मोकळे. तेव्हा त्यांचा रागच आला होता.

मागच्या पावसाळ्यात मी त्या ठेकेदार मित्राच्या साइटवर गेलो होतो. गच्ची गळत होती, घरमालक वैतागलेले. मित्राने नवा उतार कुठून काढायचा, पाइप कुठे वळवायचा ते समजावलं. मालक खूश होऊन त्याची तारीफ करायला लागले, तसा हा हात झटकत म्हणाला, “हे माझं नाही हं! आमच्या मिस्त्रीचं डोकं आहे.” आणि कोपऱ्यात थापी धुणाऱ्या मिस्त्रीला हाक मारून पुढे उभं केलं. तो ‘हं’सुद्धा सरांचाच.

ठेकेदारीत दुसऱ्याचं डोकं आपल्या नावावर खपवणं किती सोपं असतं, हे मी सांगायला नको. खर्रा सुटला नाही तो नाहीच, पण सरांची ही खोड त्याला बरोबर चिकटली. परतताना गाडीत मी त्याला रामटेकची आठवण करून दिली.

“काहीही बोलतो बे,” तो म्हणाला. “सर संस्कृत शिकवत होते, प्लास्टर नाही!”