कुकडीच्या रांजणांकाठी

काल अखेर निघोजला जाऊन आलो. पुण्यापासून दोनेक तासांवर, तरी इतकी वर्षं "जाऊ कधीतरी" यातच गेली.

सपाट माळरान, कांद्याची शेतं, आणि अचानक जमीन दुभंगते. खाली कुकडी. काळ्या बेसॉल्टला पडलेले रांजणखळगे फोटोत कितीही पाहिले असले तरी काठावर उभं राहिल्यावर पोटात खड्डा पडतोच. नदीच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरले आणि हजारो वर्षं खडक घासत राहिले, एवढीच काय ती कारागिरी. एका उथळ रांजणात हात घातला. आतली भिंत पाट्यासारखी गुळगुळीत आणि तळाला चार-पाच वाटोळे गोटे. म्हणजे हेच ते कामगार! पाऊस आला की पुन्हा कामावर रुजू.

एक काठ पारनेर तालुक्यात, दुसरा शिरूरमध्ये. कुंडावर मळगंगेचं देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेत गावच्या बारवेतून घागर आपोआप वर येते, अशी श्रद्धा आहे. हीच कुकडी वर उगमापाशी कुकडेश्वराच्या जुन्या शिवमंदिराजवळून निघते, आणि तिथून नाणेघाट, सातवाहनांचे ब्राह्मी लेख कोरलेली ती लेणी, फार लांब नाही. पुढच्या खेपेला तिकडून सुरुवात करायची.

बाकी, रांजणांत तरंगणाऱ्या वेफर्सच्या पिशव्यांबद्दल बोलायला लागलो तर पोस्ट लांबेल. सेल्फीसाठी पार कडेला जाणाऱ्या पोरांना आईनेच दम भरला, "ए, मागं हो आधी!" पोरं निमूट मागे झाली.

येताना दहा किलो कांदे घेतले. गाडीला अजून वास येतोय.