कोजागिरीच्या चांदण्यात मेहरानगड: ‘जोधपूर रिफ’ला जाणाऱ्यांसाठी

शरद पौर्णिमेच्या, म्हणजे आपल्या कोजागिरीच्या सुमारास जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात ‘राजस्थान इंटरनॅशनल फोक फेस्टिव्हल’ भरतो. २००७ पासून सुरू असलेला हा महोत्सव ‘जोधपूर रिफ’ या आटोपशीर नावानेच अधिक ओळखला जातो. मारवाडातील वंशपरंपरागत गायक-वादक आणि देशोदेशींचे प्रयोगशील संगीतकार येथे एकाच मंचावर येतात. या महोत्सवाला जाऊन आल्यावर माझे एक मत ठाम झाले आहे: येथील प्रयोग समजून घ्यायचे असतील, तर परंपरा आधी तिच्या मूळ रूपात ऐकली पाहिजे. म्हणून रात्रीच्या गाजावाजा झालेल्या कार्यक्रमांपेक्षा पहाटेच्या आणि दिवसाच्या छोट्या बैठकींना आपल्या वेळापत्रकात पहिले स्थान द्यावे.

पहाटेचे गायन किल्ल्यापासून जवळच असलेल्या जसवंत थडा येथे होते. महाराजा जसवंतसिंह दुसरे यांच्या स्मरणार्थ १८९९ साली बांधलेल्या या संगमरवरी वास्तूच्या पायऱ्यांजवळ अंधारातच जाऊन बसावे लागते. तंदुरा आणि मंजिऱ्यांच्या साथीने कबीर-मीरेची भजने सुरू होतात आणि ती चालू असतानाच समोरचा किल्ला हळूहळू उजळत जातो. आपल्याकडच्या काकडआरतीची आणि वारकरी भजनाची सवय असलेल्या कानांना हे गायन परके वाटत नाही. मात्र त्याची लय अधिक संथ आहे आणि दोन ओळींमधली जागा गायक बराच वेळ मोकळी ठेवतो. ही मोकळी जागा लक्षात ठेवावी, कारण रात्रीच्या प्रयोगांचे यशापयश पुष्कळदा तिच्यावरच ठरते.

दिवसाच्या बैठकींत वाद्ये हाताच्या अंतरावरून पाहता येतात. मांगणियार या पिढीजात गायक-वादक समाजाचा कमायचा, म्हणजे गजाने वाजवायचे तंतुवाद्य, मी असाच जवळून पाहिला. आंब्याच्या एकसंध लाकडातून कोरलेला गोल भोपळा, त्यावर ताणून बसवलेले बकऱ्याचे कातडे, तातीच्या, म्हणजे आतड्यापासून केलेल्या, तीन जाड मुख्य तारा आणि त्यांच्याशेजारी धातूच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा, अशी त्याची रचना असते. वादकाने गजाच्या केसांना राळ घासली, एक स्वर लांबवला, खुंटी किंचित पिळली आणि पुन्हा तोच स्वर लावला. हे तो गाणे सुरू होईपर्यंत आणि नंतर दोन गाण्यांच्या मध्येही करत राहिला, कारण तात हवेप्रमाणे उतरते आणि चढते. लंगा या दुसऱ्या गायक समाजातील कलावंतांचे मुख्य वाद्य मात्र सिंधी सारंगी. दोन्ही समाज मुसलमान आहेत; मांगणियारांचे यजमान बहुतांशी राजपूत हिंदू, तर लंगांचे यजमान सिंधी सिपाही मुसलमान. यजमानाच्या घरचा जन्म, विवाह, सण यांसाठी गाणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. या परंपरेकडे अभ्यासकांचे आणि जगाचे लक्ष वेधण्यात लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी (१९२९–२००४) यांचा वाटा फार मोठा आहे.

एवढे ऐकून-पाहून झाल्यावर रात्रीचे प्रयोग निराळेच कळू लागतात. एका सादरीकरणात इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या ठाम, न हलणाऱ्या ठेक्यावर खडताल बसवली होती. खडतालवादकाचे दोन्ही हातांतल्या लाकडी पट्ट्यांवरचे प्रभुत्व थक्क करणारे होते, तरी गायकाला मात्र आपली ओळ ठेक्याच्या मापात कापावी लागत होती, आणि सकाळी ऐकलेली ती मोकळी जागा तिथे उरली नव्हती. प्रेक्षक नाचले, मला ते अपुरे वाटले. त्याउलट दुसऱ्या एका मेळात पाहुण्या कलावंताने सारंगीचा एक लांब स्वर यंत्रात पकडून तो पार्श्वभूमीला मंद ठेवला आणि सारंगीवादक थांबेल तेव्हा स्वतःही थांबण्याची शिस्त पाळली. त्या वेळी नवे आणि जुने यांतला सांधा शोधूनही सापडला नसता. वेगवेगळ्या परंपरांतील कलावंत आयत्या वेळी एकत्र येऊन संगीत रचतात, तो ‘रिफ रसल’ हा कार्यक्रमही चुकवू नये. तिथे काही जुळते, काही जुळत नाही, पण कलावंत एकमेकांना कसे ऐकतात हे उघड दिसते.

आता व्यवहाराच्या गोष्टी. महोत्सवाची तारीख पौर्णिमेबरोबर दरवर्षी बदलते, त्यामुळे आधी पंचांग आणि मग आयोजकांचे वेळापत्रक पाहून आरक्षण करावे. मुंबईकरांना वांद्रे टर्मिनसहून सुटणारी सूर्यनगरी एक्स्प्रेस सोयीची आहे. मुक्काम शक्यतो जुन्या शहरात, किल्ल्याच्या फतेहपोळ या दरवाजाखालच्या नवचौकिया भागात किंवा घंटाघराच्या परिसरात करावा. तेथून किल्ल्यावर पायी जाता येते. चढ खडा आणि दगडी आहे, म्हणून घट्ट पकडीची पादत्राणे हवीत. ज्येष्ठांनी किल्ल्याच्या जयपोळ दरवाजापर्यंत रिक्षाने यावे. रात्री उशिरा कार्यक्रम संपल्यावर रिक्षा मिळवण्याची धांदल होते, तेव्हा परतीची रिक्षा संध्याकाळीच ठरवून ठेवावी. दुपारी ऊन कडक असते आणि पहाटे थड्यावर वारा गार लागतो. टोपी आणि शाल दोन्ही जवळ असू द्याव्यात. पहाटे, दुपारी आणि मध्यरात्री असे तिन्ही वेळा रोज जागणे कोणालाही झेपत नाही. ज्या दिवशी पहाटे उठायचे, त्याच्या आदल्या रात्री उशिराचा कार्यक्रम सोडून द्यावा.

शक्य असल्यास महोत्सव संपल्यानंतरचा एक दिवस हाताशी ठेवून जोधपूरजवळचे अरणा-झरणा हे वाळवंटी लोकजीवनाचे संग्रहालय पाहावे. ते कोठारींच्या कल्पनेतून उभे राहिले असून तेथील झाडूंचा संग्रह प्रसिद्ध आहे. कोणत्या गवताचा झाडू कोणत्या भागात बांधतात, येथपासून ते मारवाडाची ओळख करून देते. येण्याजाण्यासाठी रिक्षा किंवा मोटार दोन्ही वेळांची ठरवूनच निघावे, कारण परतताना तेथे वाहन सहज मिळत नाही.